आफ्रिकेतल्या वीज कंपन्यांची मानके जुळवायची कशी: काय एक करायचे आणि काय तसेच ठेवायचे

घाना आणि आयव्हरी कोस्ट हे शेजारी देश. घानाचे जुने पारेषण जाळे १६१ केव्हीचे (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट), कारण अकोसोंबो धरणाच्या वेळी तिथे अमेरिकी पद्धत आली. पलीकडे फ्रेंच पद्धत रुजली, म्हणून तिथे २२५ केव्ही. दोन्ही जाळी जोडलेली आहेत आणि वीज इकडून तिकडे जाते, पण मध्ये रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवून. नायजेरिया आणि झांबियात ३३० केव्ही आहे. दक्षिण आफ्रिकेत २७५, ४०० आणि ७६५ केव्ही आहे. खाली वितरणात उतरलात की १०, ११, १५, २०, २२, ३०, ३३ आणि ३४.५ केव्ही असे सगळेच भेटते. एक गोष्ट मात्र अनुकूल आहे, ती म्हणजे वारंवारिता जवळपास सगळीकडे ५० हर्ट्झ आहे.

हे चित्र पाहून पहिला विचार असा येतो की सगळ्या खंडाने एकच व्होल्टेज ठरवावे. तो सोडून द्या. उभ्या असलेल्या वाहिन्या आणि उपकेंद्रे चाळीस-चाळीस वर्षे चालतात आणि कोणतीही कंपनी मानकासाठी ती उपटून टाकणार नाही. जुळवायच्या आहेत त्या चार गोष्टी: उपकरणांचे वर्ग, चाचण्या, जोडणीच्या जागा आणि खरेदीची कागदपत्रे. एवढे एक झाले तरी एकाच कारखान्यातले रोहित्र किंवा ब्रेकर दहा देशांच्या निविदांत बसू शकते आणि वादळात शेजाऱ्याकडून सुटे भाग उसने घेता येतात. खालचा क्रम हेच गृहीत धरून दिला आहे.

माहिती गोळा करताना पत्र नको, निविदा मागा

प्रत्येक कंपनीला 'तुम्ही कोणती मानके वापरता' असे विचारले की उत्तर ठरलेले असते: आयईसीनुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानुसार. त्याचा उपयोग शून्य. कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षाची, त्यातल्या पर्यायांपैकी कोणता, हे कुठेच लिहिलेले नसते. त्याऐवजी गेल्या तीन खरेद्यांची पूर्ण तांत्रिक कागदपत्रे मागवा: एक वितरण रोहित्रांची, एक मध्यम दाबाच्या स्विचगिअरची (वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांची), एक मीटरची. प्रत्यक्षात काय घेतले जाते ते त्यातच दिसते.

मिळालेल्या कागदांतून एक तक्ता भरा. प्रत्येक कंपनीसाठी किमान एवढे रकाने हवेत: नाममात्र व्होल्टेज, उपकरणाचे कमाल व्होल्टेज, इम्पल्स सहनक्षमता (विजेच्या कडकडाटासारखा क्षणिक झटका किती सोसते), फॉल्ट पातळी (शॉर्टसर्किटच्या वेळचा प्रवाह) किलोअँपिअरमध्ये आणि किती सेकंदांसाठी, न्यूट्रल कसा अर्थ केला (जमिनीला जोडला) आहे, रोहित्राचा व्हेक्टर ग्रुप (गुंडाळ्यांची जोडणी आणि दोन बाजूंमधला कोनाचा फरक), समुद्रसपाटीपासूनची उंची, कमाल आणि सरासरी तापमान, क्रीपेज (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरचे अंतर), वाहकांचे आकार, तारांचे रंग, मीटरची भाषा (प्रणालीशी बोलण्याची पद्धत), आणि संदर्भ म्हणून दिलेले मानक वर्षासह. न्यूट्रलचा रकाना कधीही रिकामा सोडू देऊ नका. ब्रिटिश रीतीच्या ११ आणि ३३ केव्हीच्या जाळ्यात तीन तारा असतात आणि न्यूट्रल उपकेंद्रातच अर्थ केलेला असतो. उत्तर अमेरिकी रीतीत चौथी तार वाहिनीभर जाते आणि जागोजागी अर्थ होते. ट्युनिशियाच्या ३० केव्ही जाळ्यातही न्यूट्रल वाहिनीसोबत नेलेला आहे, त्यामुळे तिथे फेज आणि न्यूट्रलमध्ये, म्हणजे १७.३ केव्हीवर, सिंगल फेज रोहित्र बसते. तीन तारांच्या जाळ्यासाठी केलेले संरक्षणाचे सेटिंग अशा जाळ्यावर टाकले तर नेहमीच्या असमतोल भारालाच अर्थ फॉल्ट रिले, म्हणजे जमिनीकडे जाणारा प्रवाह ओळखून वाहिनी तोडणारे उपकरण, उडेल.

जाळ्याचे व्होल्टेज नको, उपकरणाचा वर्ग एक करा

आयईसी ६००३८ हे या सगळ्या कामाचे मूळ मानक. त्यात प्रत्येक नाममात्र व्होल्टेजला उपकरणाचे कमाल व्होल्टेज जोडलेले आहे. आफ्रिकेतली विखुरलेली व्होल्टेज त्या चाळणीतून काढली की बरीचशी भांडणे आपोआप मिटतात (वर्ग म्हणजे हेच कमाल व्होल्टेज, केव्हीमध्ये):

- १० आणि ११ केव्ही: वर्ग १२
- १५ केव्ही: वर्ग १७.५
- २० आणि २२ केव्ही: वर्ग २४
- ३० आणि ३३ केव्ही: वर्ग ३६
- ६६ केव्ही: वर्ग ७२.५
- ८८ आणि ९० केव्ही: वर्ग १००
- १३२ केव्ही: वर्ग १४५
- १५० आणि १६१ केव्ही: वर्ग १७०
- २२० आणि २२५ केव्ही: वर्ग २४५
- ३३० केव्ही: वर्ग ३६२
- ४०० केव्ही: वर्ग ४२०

दक्षिण आफ्रिकेचे ८८ आणि आयव्हरी कोस्टचे ९० हे कागदावर वेगळे दिसतात, पण ब्रेकर, आयसोलेटर आणि इन्सुलेटर दोघांनाही १०० केव्ही वर्गाचेच लागतात. सेनेगलचे ३० आणि नायजेरियाचे ३३ यांचेही तसेच. म्हणून सामाईक मानकात वर्ग लिहा आणि नाममात्र व्होल्टेज फक्त रोहित्राच्या गुणोत्तरासाठी राखा. तिथे ते टाळता येत नाही.

घानातले ३४.५ केव्ही या चौकटीत बसत नाही. पाच टक्के वाढ धरली की ते ३६.२ होते आणि ३६ चा वर्ग थोडक्यात अपुरा पडतो. उत्पादक 'चालेल' म्हणतो आणि बहुतेक वेळा चालतेही. पण टाइप टेस्ट (नमुन्यावर एकदाच होणारी पूर्ण चाचणी) ३६ वर झालेली असते, आणि लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारे उपकरण) मात्र सतत सोसायच्या व्होल्टेजला फार संवेदनशील असतो. अशा ठिकाणी अपवाद स्पष्ट लिहा आणि वरचा वर्ग मागा.

नव्या जाळ्यांसाठी ६००३८ मधली एक शिफारस जशीच्या तशी उचला: मध्यम दाबाच्या पट्ट्यात एका देशातल्या दोन लगतच्या व्होल्टेजमधले गुणोत्तर दोनपेक्षा कमी नसावे. ३३ आणि ११ चालतात, ३० आणि १५ चालतात. ३३ असलेल्या ठिकाणी एखाद्या प्रकल्पाबरोबर २२ आले की गुणोत्तर दीड होते, गोदामात दोन संच ठेवावे लागतात आणि त्यातून फायदा काहीच मिळत नाही. बाहेरच्या मदतीने होणाऱ्या प्रकल्पांत हे वारंवार घडते, कारण आराखडा काढणारा सल्लागार आपल्या देशातले व्होल्टेज घेऊन येतो. करार होण्याआधी हा नियम त्याच्या हातात द्या.

उंची आणि उष्णता: इथे आयईसीत बदल करणे योग्यच आहे

आयईसीची नेहमीची सेवास्थिती १,००० मीटरपर्यंतची उंची आणि कमाल ४० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरते. रोहित्रासाठी त्यात आणखी दोन अटी आहेत: सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी ३० आणि वर्षाची सरासरी २० अंश. नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर आहे, अदिस अबाबा २,३०० मीटरच्या वर, जोहान्सबर्ग १,७०० च्या आसपास. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यात वर्षाची सरासरी २० अंशांच्या बरीच वर असते. म्हणजे खंडाच्या मोठ्या भागात मूळ अटीच लागू होत नाहीत.

उंचीवर हवा विरळ होते आणि हवेतले इन्सुलेशन कमी व्होल्टेजला फुटते. दुरुस्तीचा गुणक असा काढतात: उंचीतून १,००० वजा करा, ८,१५० ने भागा, आणि नैसर्गिक लॉगच्या पायाला, म्हणजे २.७१८ ला, तेवढा घात द्या. २,४०० मीटरसाठी १,४०० भागिले ८,१५० म्हणजे ०.१७२ आणि गुणक १.१९. आता १२ केव्ही वर्गाची ७५ केव्ही इम्पल्स सहनक्षमता घ्या. १.१९ ने गुणल्यावर ८९ येते, त्यावरची प्रमाणित पायरी ९५, म्हणून ९५ मागायचे. ३६ केव्ही वर्गात १७० चे २०२ होतात आणि पुढची पायरी थेट २५०.

इथे एक महागडी चूक होते. हा गुणक फक्त उघड्या हवेतल्या इन्सुलेशनला लागतो, म्हणजे बुशिंग (टाकीतून तार बाहेर काढणारी इन्सुलेटरची नळी), आधाराचे इन्सुलेटर आणि मोकळी अंतरे यांना. तेलातली गुंडाळी, सीलबंद वायूचा कप्पा आणि व्हॅक्यूम बाटली यांना उंचीने फरक पडत नाही. निविदेत नुसते '९५ केव्ही' लिहिले तर उत्पादक गुंडाळीही जाड करतो, रोहित्र मोठे होते आणि पैसे विनाकारण जातात. 'बाहेरील इन्सुलेशन ९५, आतील ७५' असे दोन आकडे द्या. कारखाना समुद्रसपाटीजवळ असेल तर बाहेरील भागाची चाचणी वाढीव आकड्यावरच व्हायला हवी, हेही लिहा. नाहीतर ७५ ला पास झालेले बुशिंग डोंगरावर जाऊन पहिल्या पावसाळ्यात फ्लॅशओव्हर देते, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून ठिणगी उडते.

रोहित्राच्या तापमानवाढीची मर्यादाही खाली आणावी लागते. नैसर्गिक हवेने थंड होणाऱ्या तेल-रोहित्राला १,००० मीटरच्या वर दर ४०० मीटरला १ केल्व्हिन, पंखे असलेल्याला दर २५० मीटरला १ केल्व्हिन. २,४०० मीटरला पहिल्या प्रकारात साडेतीन केल्व्हिन कमी होतात: तेलाच्या वरच्या थराची ६० ची मर्यादा ५६.५ आणि गुंडाळीच्या सरासरीची ६५ ची ६१.५. सभोवतालचे सरासरी तापमान जेवढे जास्त तेवढी आणखी वजाबाकी करा. खंडासाठी तीन वर्ग पुरतात: सखल आणि नेहमीचे, उंच आणि थंड, सखल आणि अतिउष्ण. प्रत्येक कंपनीने स्वतःचा आकडा मागितला तर सामाईक खरेदीला अर्थ उरत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारातही हवामान आणि भूगोल ही आंतरराष्ट्रीय मानकापासून दूर जाण्याची मान्य कारणे आहेत. तेव्हा हे बदल करताना संकोच नको. फक्त त्यामागचा हिशेब मानकाच्या परिशिष्टात छापा.

क्रीपेजचे दोन आकडे

इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर म्हणजे क्रीपेज. जुन्या पद्धतीत ते फेज-फेज कमाल व्होल्टेजच्या प्रत्येक केव्हीमागे लिहीत: १६, २०, २५, ३१ मिलिमीटर. आजच्या आयईसी ६०८१५ मध्ये फेज-अर्थ व्होल्टेज घेतात: २२, २७.८, ३४.७, ४३.३ आणि ५३.७. दोन्हींमध्ये फरक फक्त तीनच्या वर्गमुळाचा आहे. जुने ३१ म्हणजेच नवे ५३.७.

आता एक कंपनी '३१ मिमी प्रति केव्ही' लिहिते, दुसरी '५३.७'. तक्ता करणारा माणूस पहिलीचे प्रदूषण कमी समजतो, आणि पुरवठादार ३१ हा नवा आकडा धरून गरजेच्या साठ टक्क्यांहूनही कमी लांबीचा इन्सुलेटर देतो. नामिबियाच्या किनाऱ्यावरचे खारे धुके किंवा पश्चिम आफ्रिकेतली हरमट्टान वाऱ्याबरोबर सहाराकडून येणारी धूळ अशा इन्सुलेटरला फार दिवस टिकू देत नाही. उपाय साधा आहे: मानकात फक्त नवी पद्धत ठेवा, शेजारी प्रत्यक्ष लांबी मिलिमीटरमध्येही लिहा. ३६ केव्ही वर्ग आणि सर्वांत जड प्रदूषण असेल तर ३६ भागिले १.७३२, गुणिले ५३.७, म्हणजे सुमारे १,११६ मिलिमीटर. हा आकडा फीतपट्टीने मोजून पाहता येतो आणि त्यावर वाद होत नाही.

समिती, मसुदा आणि तारखा

या खंडात यासाठी चौकट आधीच आहे. आफ्रिकी विद्युत-तांत्रिक मानकीकरण आयोग, म्हणजे एएफएसईसी, २००८ मध्ये स्थापन झाला. वीज कंपन्यांची संघटना एपीयूए ही १९७० पासूनच्या जुन्या संघटनेचे आजचे रूप असून तिचे मुख्यालय आबिजानला आहे. त्याशिवाय प्रादेशिक वीजसंघ (शेजारी देशांची वीज-जाळी जोडणाऱ्या संघटना) आहेत: दक्षिणेचा हरारेत, पश्चिमेचा कोतोनूत, पूर्वेचा अदिस अबाबात, मध्य आफ्रिकेचा ब्राझाव्हिलमध्ये, आणि उत्तरेत मगरिब देशांची समिती. नवी संस्था काढू नका. एएफएसईसीच्या समितीत आपला माणूस बसवा आणि घरी त्याच विषयाची आरसा-समिती नेमा.

आरसा-समितीत मानक संस्थेचे लोक असतातच. त्यांच्याबरोबर कंपनीचा खरेदी विभाग, गोदाम आणि देखभालीचा एक माणूस हवाच हवा. हे तिघे नसतील तर उत्तम मानक तयार होते आणि पुढची निविदा जुन्याच कागदावर निघते. अशी मानके कपाटात राहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

सुरुवातीला तीनशे मानके हातात घेऊ नका. पंधरा-वीस पुरेत: व्होल्टेजसाठी ६००३८, रोहित्रांची ६००७६ मालिका, उच्च दाबाच्या स्विचगिअरची ६२२७१ मालिका, केबलसाठी ६०५०२ आणि वाहकांसाठी ६०२२८, इन्सुलेटरसाठी ६०८१५, खुणा-रंगांसाठी ६०४४५, मीटरसाठी ६२०५२ ते ६२०५६, आणि इमारतींच्या वायरिंगसाठी ६०३६४ मधले निवडक भाग.

प्रत्येक मानक स्वीकारताना तीनपैकी एक दर्जा लिहावा लागतो: जसेच्या तसे, सुधारित, किंवा समतुल्य नसलेले. धोरण असे ठेवा की 'जसेच्या तसे' हा नियम आणि 'सुधारित' हा पुराव्यानिशी अपवाद. देशागणिक फरक मूळ मजकुरात घुसवू नका, ते शेवटी परिशिष्टात ठेवा, आणि त्यांचे दोन ढीग करा. उंची, तापमान, जमिनीचा रोध हे कायमचे फरक. जुने रंग, जुने सॉकेट, जुने न्यूट्रल हे सवयीचे फरक, आणि त्या प्रत्येकापुढे संपण्याची तारीख हवी. तारीख नसलेला सवयीचा फरक पुढच्या आवृत्तीत वाढूनच येतो.

तारखा तीन ठरवा. पहिली, राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध करण्याची. दुसरी, नव्या निविदांत ते सक्तीचे होण्याची. तिसरी, विरोधी जुने मानक मागे घेण्याची. युरोपची विद्युत-मानक संस्था सेनेलेक १९७३ पासून याच वाटेने चालते आणि जुने मागे घ्यायला साधारण तीन वर्षे देते. इथेही मान्यतेपासून १२, १८ आणि ३६ महिने हे अंतर व्यवहार्य आहे. काम चालू असताना कोणत्याही सदस्य देशाने त्याच विषयावर स्वतंत्र राष्ट्रीय मानक काढायचे नाही, ही थांबण्याची अट पहिल्याच दिवशी लेखी घ्या. ती नसेल तर दोन वर्षांनी जुळवायच्या यादीत एकाची भर पडलेली असते.

भाषेकडे लक्ष द्या. आयईसीची मानके इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत निघतात, त्यामुळे नायजेरिया आणि सेनेगल एकाच पानावर बोलू शकतात. अंगोला आणि मोझांबिकला पोर्तुगीज लागते. भाषांतरासाठी निदान सहा महिने वेगळे धरा आणि ते अभियंत्याकडून तपासून घ्या.

४०० व्होल्टच्या बाजूला एकही तार न हलवता

पूर्वी काही देशांत २२०/३८० व्होल्ट (फेज-न्यूट्रल/फेज-फेज) होते, काहींत २४०/४१५. ६००३८ सांगते २३०/४००, अधिक-उणे दहा टक्के, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्ट. जुन्या २४० अधिक-उणे सहा टक्क्यांचा पट्टा २२५.६ ते २५४.४ होता. जुना पट्टा नव्यात जवळपास पूर्ण बसतो. ब्रिटनने १ जानेवारी १९९५ ला २४० चे २३० केले तेव्हा +१० आणि −६ टक्के अशी सूट ठेवली आणि रोहित्रे जशीच्या तशी राहू दिली. हाच मार्ग घ्या: आधी पट्टा बदला, मग नव्या रोहित्रांचे गुणोत्तर.

तपासायची जागा म्हणजे वितरण रोहित्राचा टॅप (गुंडाळीचे फेरे बदलून व्होल्टेज वर-खाली करणारी जोडणी). ११/०.४३३ केव्हीचे रोहित्र भाराविना फेजला २५० व्होल्ट देते. २५३ च्या आत आहे, ठीक. पण कोणी लांबच्या ग्राहकासाठी टॅप पाच टक्के वर नेला असेल, तर रात्री भार उतरल्यावर रोहित्राजवळच्या घरात २६२ व्होल्ट जातात आणि टीव्ही-फ्रिजचे पॉवर सप्लाय जळू शकतात. मानक लागू करण्याआधी अशा टॅपची मोजणी करा. नव्या खरेदीत ०.४२० किंवा त्याहून कमी दुय्यम व्होल्टेज ठरवा.

व्हेक्टर ग्रुपही इथेच एक करा, डीवायएन११. याच्या शेजारी डीवायएन१ समांतर जोडले तर दुय्यम बाजूला ६० अंशांचा फरक पडतो आणि समोरासमोरच्या फेजमध्ये पूर्ण फेज व्होल्टेज उभे राहते. दोन्हींचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा अंतर्गत अवरोध) ४ टक्के असेल तर फिरणारा प्रवाह नामनिर्दिष्ट प्रवाहाच्या साडेबारा पट. प्राथमिक आणि दुय्यम दोन्ही बाजूंना दोन-दोन फेज अदलून हे जमवता येते, पण ते रोहित्रावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले नाही तर पुढच्या दुरुस्तीत कोणीतरी 'चूक सुधारतो'.

तारा, क्लॅम्प आणि रंग

एरियल बंच केबल, म्हणजे खांबांवरून जाणारी पिळलेल्या इन्सुलेटेड तारांची जुडी, पाहा. फ्रेंच घडणीत तीन फेज आणि वेगळा भारवाहक न्यूट्रल असतो. ३×७०+५४.६ मिमी² हा त्यातला सर्वांत ओळखीचा आकार. खांबावरचा क्लॅम्प फक्त त्या न्यूट्रलला धरतो आणि सगळा ताण त्यावर येतो. दुसऱ्या घडणीत चारही तारा सारख्या जाडीच्या असतात आणि क्लॅम्प चौघांना एकत्र पकडतो. बाहेरून दोन्ही गुंडाळ्या काळ्या आणि सारख्याच दिसतात. चार-तारी केबल न्यूट्रलच्या क्लॅम्पमध्ये एका तारेवर लटकवली तर ती तार ओढली जाते, इन्सुलेशन सरकते आणि काही महिन्यांनी वाऱ्याच्या दिवशी केबल खाली येते. म्हणून केबल आणि तिचे फिटिंग एकाच मानकात, एकाच निविदा-कलमात ठेवा. दोन्ही घडणी काही वर्षे राहणार असतील तर क्लॅम्पवर आणि केबलच्या ड्रमवर एकच खूण छापायला लावा.

उघड्या वाहकांचेही तसेच. ब्रिटिश रीतीत रॅबिट, डॉग, वुल्फ अशी नावे, फ्रेंच रीतीत अल्मेलेक (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) ५४.६, ७५.५, १४८.१ असे क्षेत्रफळ. कॉम्प्रेशन जॉइंटला क्षेत्रफळ नाही तर बाहेरचा व्यास लागतो: डॉगचा १४.१५ मिमी, अल्मेलेक १४८ चा १५.७५. तक्त्यात व्यास लिहा.

रंगांत जीवाचा धोका आहे. जुन्या ब्रिटिश रीतीत लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल. आयईसी ६०४४५ प्रमाणे तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे काळा आणि निळा यांचे अर्थ उलटले. जुन्या इमारतीला नवी केबल जोडणाऱ्याने रंगाला रंग लावला तर एक फेज थेट न्यूट्रलच्या पट्टीवर जातो. जुन्या-नव्याच्या प्रत्येक सांध्यावर एल१, एल२, एल३, एन अशी अक्षरे, पॅनेलच्या दारावर सूचना, आणि वीज देण्याआधी मोजणी, या तिन्ही गोष्टी मानकात सक्तीच्या करा. स्थित्यंतराची दोन वर्षे तरी दोन्ही रंगांचे प्रशिक्षण द्या.

सॉकेटना हात लावू नका. तीन-चार घराणी देशोदेशी रुजलेली आहेत आणि त्यांचा वीज कंपन्यांच्या व्यवहाराशी संबंध नाही.

मीटर: सर्वांत आधी जुळलेला विषय, तरी अपुरा

प्रीपेड मीटरच्या बाबतीत आफ्रिकेने जगाला वाट दाखवली. दक्षिण आफ्रिकेत घडलेली एसटीएस (स्टँडर्ड ट्रान्सफर स्पेसिफिकेशन) पद्धत पुढे आयईसी ६२०५५ मध्ये गेली. पैसे भरल्यावर मिळणाऱ्या वीस आकडी टोकनची ही पद्धत कोणत्याही उत्पादकाच्या मीटरला चालते, त्यामुळे कंपनी एका विक्रेत्याच्या मुठीत राहत नाही.

या पद्धतीतली वेळ २४ बिटांत, १९९३ च्या सुरुवातीपासूनच्या मिनिटांत मोजली जाते. ही मोजणी २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी प्रत्येक मीटरमध्ये किल्ली (टोकन उलगडणारा गुप्त संकेत) बदलणारी खास टोकने क्रमाने घालायची होती. न घातलेले मीटर त्यानंतरचे नवे टोकन घेत नाही. नवी किल्ली २०१४ च्या आधारतारखेवर चालते. आजही गोदामात जुन्या किल्लीचे मीटर सापडतात. ते बसवण्याआधी वेगळे काढून किल्ली बदला, आणि खरेदीच्या मानकात किल्लीची आधारतारीख हे स्वतंत्र कलम ठेवा.

स्मार्ट मीटरसाठी ६२०५६, म्हणजे डीएलएमएस, एवढे लिहून भागत नाही. त्या मानकात निवडी फार आहेत. दोन उत्पादकांचे मीटर दोन्ही मानकानुसार असूनही एका प्रणालीला वाचता येत नाहीत. कोणती नोंद कोणत्या कोडवर, सुरक्षेचा कोणता संच, किती मिनिटांनी नोंद, हे ठरवणारे सोबतचे सामाईक मानक सर्व कंपन्यांनी मिळून करा. त्यानंतर प्रत्येक उत्पादकाचा नमुना एकाच प्रणालीवर प्रत्यक्ष वाचून पाहा.

चाचणी-अहवाल एकमेकांचे मानायचे तर

प्रत्येक देशाने टाइप टेस्ट पुन्हा मागितली तर मानक एक करूनही किंमत उतरत नाही. परस्पर मान्यतेची अट अशी ठेवा: प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ ची (चाचणी प्रयोगशाळांच्या मानकाची) मान्यता हवी आणि ती नेमक्या त्याच चाचणीसाठी हवी. अहवाल हातात आला की रेखाचित्राचा क्रमांक, नमुन्याचा अनुक्रमांक, मानकाची आवृत्ती आणि क्षमता या चार गोष्टी निविदेशी ताडून पाहा. २५ केएवर (किलोअँपिअर) तपासलेल्या पॅनेलचा अहवाल ३१.५ केएच्या निविदेला जोडलेला सापडतो, आणि पहिल्या पानावरून ते कळत नाही.

रोहित्राच्या लॉसेसबाबत (उष्णतेत वाया जाणाऱ्या विजेबाबत) एक कलम नक्की घाला. आयईसी ६००७६-१ एकूण लॉसेसना १० टक्के आणि एकेका घटकाला १५ टक्के सूट देते. एक कंपनी हमीचा आकडा सुटीसह घेते, दुसरी कमाल म्हणून घेते, आणि त्यामुळे दोघांच्या दरांची तुलनाच होत नाही. सामाईक निविदेत 'कमाल, सुटीशिवाय, ७५ अंश सेल्सिअसला' असे लिहा.

लागू झाल्यावर

पहिली सामाईक खरेदी एकाच वस्तूची करा. १०० केव्हीएचे वितरण रोहित्र यासाठी सोयीचे: संख्या मोठी, तंत्र ओळखीचे, आणि चूक झाली तरी तिचा परिणाम एका गावापुरता. माल आल्यावर तिन्ही हवामान-वर्गांतल्या कंपन्यांनी प्रत्येकी काही नग रूटीन टेस्टच्या (कारखान्यात प्रत्येक नगावर होणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांशी मोजून पाहावेत आणि फरक समितीला कळवावेत. आयईसीचे मूळ मानक सुधारले की आपली आवृत्ती आपोआप बदलत नाही. त्यासाठी प्रत्येक मानकामागे एक जबाबदार सदस्य नेमा. मूळ आवृत्ती बदलल्यापासून सहा महिन्यांत त्याने फरकाची यादी द्यायची, आणि सवयीच्या फरकांच्या संपलेल्या तारखा त्याच बैठकीत खोडायच्या.